गोळी नळीत बसेना

शारजाच्या औद्योगिक भागात आमचा एक गाळा आहे. शाळांच्या स्पर्धांची पदकं, कंपन्यांच्या क्रिकेट सामन्यांचे चषक, पर्यटकांसाठी उंट आणि किल्ल्यांच्या कड्या, असा माल आम्ही ओततो. कथलाचा मिश्रधातू वितळवायचा, साच्यात ओतायचा, निवला की काढायचा, घासायचा, चमकवायचा आणि डबीत भरायचा. नवरा कारखाना बघतो आणि मी ऑफिस बघते. ऑफिस म्हणजे कोपऱ्यातली काचेची खोली. तिच्यात काचेचं टेबल, दोन खुर्च्या आणि मी. भट्टीवर आमचा ओतारी असतो. तो संगमेश्वरकडचा, माझ्याच वयाचा. मला वहिनी म्हणतो, नवऱ्याला साहेब म्हणतो आणि आमच्या दोघांचंही फारसं ऐकत नाही. काम मात्र चोख करतो.

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी मी दार उघडून नुकतीच बसले होते, तेवढ्यात फुजैराचे बाबा आले. इथे वयस्कर अरब गृहस्थाला आपली माणसं बाबा म्हणतात, आम्हीही म्हणतो. हे बाबा सत्तरीचे असतील. तरुणपणी फुजैराच्या बंदरात आपल्याकडच्या खलाशांबरोबर काम केलेलं, त्यामुळे हिंदी अस्खलित, फक्त त्यांच्या पद्धतीची. एरवी आले की आधी खुशाली विचारायचे, मग आमच्या मुलीची चौकशी करायचे, चहा घ्यायचे आणि मग कामाचं बोलायचे. त्या दिवशी बसले नाहीत. पिशवीतून चामड्याचा एक पट्टा काढला, दोन्ही टोकं धरली आणि वाळत घालायची चादर झटकावी तसा झटकला.

टेबलाच्या काचेवर टपटप आवाज झाला. पट्ट्यात लावलेल्या काडतुसांची टोकं निघून पडली होती. काही टेबलावर, काही माझ्या मांडीवर, एक चहाच्या कपात.

"बहन," बाबा म्हणाले, "मेरा बाप का पट्टा आज तक एक गोली नहीं गिराया. ये एक झटका में खलास."

ही काडतुसं खरी नव्हेत. त्यांत दारू नसते, चाप ओढून उडणारं काही नसतं. इथल्या लग्नांत आणि सणांत पुरुष समोरासमोर दोन रांगा करून अय्याला नाचतात. अंगात कंदोरा म्हणजे पायघोळ पांढरा झगा, हातात बांबूची छडी, काही जणांकडे फिरवायला नकली बंदूक आणि कमरेला काडतुसांचा पट्टा. त्या पट्ट्याला ते महजम म्हणतात. पूर्वी त्यात खरी काडतुसं असत. आता शोभेची असतात. खाली पितळी नळी, तिच्या बुडाला डाग देऊन बसवलेली चकती आणि वरच्या तोंडात दाबून बसवलेली, पांढऱ्या धातूची ओतीव गोळी. बाबांनी अशा बारा पट्ट्यांची ऑर्डर दिली होती. चामड्याचं काम त्यांच्या गावातल्या पठाण मोच्याकडे आणि काडतुसं आमच्याकडे. आदल्या आठवड्यात आम्ही ती पोचवली होती, मोच्याने पट्ट्यांत भरली होती आणि बाबांच्या घरी तालमीत पहिल्याच दिवशी अंगणभर गोळ्या सांडल्या होत्या.

लग्न त्यांच्या नातवाचं होतं आणि त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी होतं. रांगेत उभे राहणारे बाराही जण घरचे, मुलगे, पुतणे आणि नातू. सगळ्यांच्या कमरेला एकसारखे पट्टे असावेत ही बाबांची हौस. एवढ्यावर थांबलं असतं तर त्यांनी जुनेच पट्टे बांधले असते. पण मुलीकडचे लोक रास-अल-खैमाचे होते आणि अय्यालात स्वतःला फार समजत होते. त्यांच्यासमोर रेतीत गोळ्या पडल्या तर काय होईल ते बाबांनी मला एका वाक्यात सांगितलं.

"वो लोग बीस साल बोलेगा."

मी म्हटलं, शुक्रवारच्या आत होईल. त्यांनी इन्शाल्ला म्हटलं, पण माझ्याकडे पाहून, वर पाहून नव्हे.

एवढ्यात नवरा आत आला. कपातली गोळी त्याने बोटांनी काढली, नळीत टाकली, ती आत जाऊन बुडाला खणकन आपटली. त्याने लगेच उपाय सांगितला, गोंद. प्रत्येक नळीत एक थेंब टाकायचा, गोळी बसवायची, संध्याकाळपर्यंत काम संपलं. बाबांनी मान हलवली. त्यांच्या घरी लग्नांचा मोसम सुरू व्हायच्या आधी बायका पट्टे घेऊन बसतात. एकेक गोळी पिळून बाहेर काढतात, पितळी नळ्या लिंबू-मिठाने घासतात, गोळ्या मऊ फडक्याने पुसतात आणि परत बसवतात. त्यांच्या आईने हे केलं, आता बायको करते. गोंद लावला तर ते सगळं बंद. गोंद खेळण्यांना लावतात, असंही त्यांनी ऐकवलं. मग मात्र चहा घेतला, मुलीची चौकशी केली आणि गेले.

"कोण बघणार आहे गोंद लावलाय की नाही?" ते गेल्यावर नवरा म्हणाला.

"त्यांची बायको. दरवर्षी."

टेबलावरच राहिलेला तो झटकलेला पट्टा त्याने उचलून आपल्या कपाटात ठेवला. त्या पट्ट्याचं पुढे येईलच.

मी मायक्रोमीटर काढला आणि दहा-पंधरा गोळ्या मोजल्या. नळीत घट्ट बसण्यासाठी गोळी नळीच्या भोकापेक्षा केसभर जाड हवी. आमच्या गोळ्या केसभर बारीक होत्या, आणि सगळ्या सारख्याच बारीक. म्हणजे ओतण्यात चूक नव्हती. साचाच लहान होता.

साचा बनवून घेताना नवऱ्याने मशीनवाल्याला नळीच्या आतलं माप दिलं होतं. नळी आठ मिलिमीटर तर गोळीचं भोक आठ मिलिमीटर. दिसायला हिशेब सरळ आहे, फक्त धातू निवताना आकसतो. हे त्यालाही ठाऊक आहे, पण गेली कित्येक वर्षं आम्ही पदकं ओततो आणि पदकाला माप लागत नाही. ते थोडं आकसलं काय, घासताना आणखी थोडं उतरलं काय, गळ्यात घालणारा मोजत नाही. त्याला चमक दिसते. पदकवाल्यांनी गोळी बनवली की ती अशीच बनणार.

माझे वडील कोल्हापूरला फौंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न करायचे. त्यांच्याकडे एक पोलादी पट्टी होती. ती फुटपट्टीसारखीच दिसायची, पण तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा जरासा मोठा. धातू आकसून जितका कमी होणार तितका त्या पट्टीतच आधी वाढवून ठेवलेला. वडील तिने मोजून पॅटर्न करत आणि ओतीव माल बरोबर मापाचा निघे. सातवीत असताना मी ती पट्टी दप्तरातून शाळेत नेली आणि भूमितीच्या चाचणीत सगळ्या आकृत्या तिने काढल्या. गुरुजींनी एकूणएक उत्तरं चूक ठरवली. घरी येऊन तक्रार केली तर वडील म्हणाले की ओतून बघायला सांग, निवल्यावर बरोबर येतील. पुढे मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच घेतलं. लग्न होऊन इथे आल्यावर मात्र कोणीतरी कोटेशनं आणि व्हिसाचे कागद बघायला हवं होतं, ते मी बघू लागले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कागद मी चांगले बघते.

नवा साचा करून घ्यायचा तर मशीनवाल्याकडे दोन आठवड्यांची रांग होती. म्हणजे आहे तोच साचा मोठा करायचा. भोक मोठं करायला ड्रिल लावता येत नाही, कारण ते सरळ भोक नव्हे. गोळीचं टोक निमुळतं आणि साचा दोन फाळक्यांचा. अडकित्त्यासारख्या दांड्यांनी ती फाळकी मिटतात, प्रत्येक फाळक्यात अर्धी गोळी कोरलेली. अशा चार गोळ्या एका वेळी निघतात.

सोमवारी दुपारी मी सगळ्यात सोपा उपाय केला. या देशात प्रत्येक इमारतीत, प्रत्येक गाळ्यात एसीच्या डक्टला चिकटवायची चंदेरी टेप असते. आमच्याकडेही होती. तिच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि साच्याच्या एका फाळक्यावर, भोकांपासून जरा दूर, चिकटवल्या. त्याआधी ओताऱ्याने साच्याला दिव्याची काजळी धरली होती ती पुसून काढली. काजळीने गोळी सुटते छान, पण काजळीचा थरही जागा खातोच. आता साचा मिटला की दोन फाळक्यांत टेपेएवढी फट राहू लागली. धातू जरा जास्त तापवून चार गोळ्या ओतल्या. फटीच्या रेषेवर पापुद्रा आला, तो पात्याने काढला. गोळी एका बाजूने किंचित लांबट झाली होती, पण नळीत दाबली तर कुरकुरत गेली आणि झटकून, आपटून पाहिली तरी हलली नाही.

मी ओताऱ्याला म्हटलं, उद्या सगळ्या याच पद्धतीने ओता. त्याने बरं म्हटलं. मी निवांत मनाने काचेच्या खोलीत गेले आणि मंगळवारचा सगळा दिवस व्हॅटच्या कागदांत घालवला.

बुधवारी सकाळी माझ्या टेबलावर ट्रे भरून गोळ्या होत्या. आरशासारख्या. एक उचलली, नळीत दाबली. दाबावी लागलीच नाही, आपण होऊन आत गेली. दुसरीही गेली. मूठभर घेऊन पाहिल्या.

मी ओताऱ्याला बोलावलं आणि विचारलं की या चमकवल्या का.

"मग? मळकट देणार होतो काय वहिनी?"

चमकवल्याशिवाय आमच्या गाळ्यातून काही बाहेर जात नाही. ओतलं की चाकावर धरायचं, हे त्याच्या हातात इतकं बसलंय की त्याला कोणी सांगावं लागत नाही आणि सांगून थांबवताही येत नाही. चाकावर मेण लावून त्याने प्रत्येक गोळी बुडापासून टोकापर्यंत मन लावून घासली होती आणि टेपेने दिलेलं माप तेवढंच उतरवलं होतं. वर टेपेनेही साथ सोडली होती. दिवसभर तापून तिच्याखालचा डिंक जळला, कडा सुरकुतल्या, आणि शेवटच्या घाण्यातल्या गोळ्या पहिल्या घाण्यातल्या गोळ्यांशी जुळत नव्हत्या.

नवरा दारात उभा राहून हे ऐकत होता. गोंदाचं नाव त्याने काढलं नाही, पण तोंडावर लिहिलेलं होतं.

मी फोन त्याच्या हातात दिला, कोटेशनांची फाइल त्याच्यासमोर ठेवली आणि त्याला माझ्या खुर्चीत बसवलं. साचा घेऊन मी मागच्या बाकावर गेले. टेप सोलून टाकली. साचा आता खरोखरच मोठा करायचा होता.

पद्धत जुनी आहे. साच्यात धातू ओतायचा आणि तो गोठायच्या आत भोकात एक बोल्ट डोकं खाली करून धरायचा. निवल्यावर बोल्टला चिकटलेली गोळी मिळते. तीच आपली घासणी, कारण ती त्या भोकाच्या नेमक्या आकाराची असते. तिला खरपूड लावायची, भोकात ठेवायची, साचा हलक्या हाताने मिटायचा आणि बोल्ट धरून ती आतल्या आत फिरवायची. खरपूड शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाली. गॅरेजवाले इंजिनाचे वॉल्व्ह बसवायला वापरतात ती राखाडी पेस्ट. दुकानदार मल्याळी, त्याने गाडी कोणती म्हणून विचारलं. गाडी नाही म्हटल्यावर त्याने मला दोनदा पाहिलं आणि बारीकातली बारीक डबी दिली.

साचा ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम मऊ असतं, पटकन झिजतं, आणि झिजलेलं परत लावता येत नाही. म्हणून थोडं फिरवायचं, उघडायचं, घासलेटने धुवायचं, पुसायचं, दोन-तीन गोळ्या ओतून मोजायच्या, नळीत दाबून पाहायच्या आणि परत फिरवायचं. अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे. सुरुवातीला हाताला करकर लागते. मग ती कमी होत जाते आणि गोळी गुळगुळीत फिरू लागते, म्हणजे पेस्ट दमली, नवी लावायची. बारा वाजेपर्यंत पहिलं भोक झालं. गोळी नळीच्या तोंडाशी अडली आणि अंगठ्याने जोर केल्यावरच आत गेली. इतका वेळ मी जेवणाच्या डब्याकडे पाहिलंही नव्हतं आणि पाठ दुखत नव्हती. ऑफिसात बसून ती रोज दुखते.

काचेच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज येत होता. कुठल्यातरी शाळेचा फोन होता आणि तो त्यांना सांगत होता की मॅडम मोल्डमध्ये आहेत.

दुसरं भोक लवकर झालं. तिसऱ्याच्या वेळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती अबुधाबीला कॉलेजात आहे. मी फोन डब्याला टेकवून ठेवला आणि फिरवत राहिले. ती माझं म्हणणं मराठीत ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते. मी काय करतेय असं तिने विचारलं. मी म्हटलं, गोळ्यांचा साचा मोठा करतेय.

"मम्मा, बुलेट्स? लाइक, रियल बुलेट्स?"

मी म्हटलं, लग्नाच्या आहेत. ती म्हणाली, "ओके. प्लीज डोन्ट पोस्ट धिस एनीव्हेअर."

तिच्याशी बोलता बोलता मोजायचं राहिलं आणि तिसरं भोक जास्त झिजलं. त्यातली गोळी नळीच्या तोंडातच शिरेना. मी साचा बाकावर ठेवला. नवरा आला, त्याने गोळी पाहिली, नळी पाहिली. मला वाटलं आता गोंदाचं निघतं. पण तो लेथवर गेला आणि तासाभराने पोलादाची एक जाड चकती घेऊन आला. तिच्या मध्ये एक भोक, नेमकं आम्हाला हव्या असलेल्या मापाचं, आत पॉलिश केलेलं. चकती ड्रिल मशीनखाली ठेवली, जाड गोळी भोकावर उभी केली आणि दांडा खाली ओढला. गोळी पलीकडून मापात बाहेर आली.

मग एकेक भोक नेमक्या मापात आणायचा नाद मी सोडला. चारही भोकं थोडी जास्तच झिजवली आणि सगळ्याच गोळ्या चकतीतून काढायच्या ठरवलं. जाड गोळी चकतीतून बारीक होते. बारीक गोळीला जाड करणारी चकती अजून कोणी बनवलेली नाही. नवऱ्याला मी चकती छान झाली म्हणून सांगितलं. तो खूश झाला आणि त्याने माझा राहिलेला डबा माझ्याबरोबर बसून अर्धा खाल्ला.

राहिला चमकवण्याचा प्रश्न. ओताऱ्याला मळकट माल देणं मंजूर नव्हतं आणि मला चाकावर माप घालवणं मंजूर नव्हतं. बराच वेळ वाद झाला. तो म्हणाला की लोक काय नळीतला भाग बघतात का, दिसतं ते टोक. मी म्हटलं, मग फक्त टोकच घासा. तो म्हणाला की एवढीशी गोळी चिमटीत धरून टोकच कसं घासणार, बोटं जातील. शेवटी आम्ही चषकाची लाकडी बैठक घेतली, तिला ओळीने भोकं पाडली आणि गोळ्या त्यांत खांद्यापर्यंत रोवल्या. वर नुसती टोकं राहिली. तेवढीच चाकाला लागत होती. त्याने एक बैठक घासून मला आणून दाखवली. टोकं लखलखत होती. खालचा भाग तसाच राखाडी होता, त्यावर त्याने रुमाल झाकला होता.

गुरुवारी दिवसभर आम्ही तिघंही बाकावर होतो. तो ओतत होता, नवरा चकतीतून काढत होता, मी नळ्यांत बसवत होते. फोन वाजत राहिला आणि कोणी उचलला नाही. संध्याकाळी मोची बाबांच्या पुतण्याबरोबर बारा पट्टे घेऊन आला, आमच्याकडे राहिलेल्याच्या जागी त्याने नवा शिवला होता, आणि आमच्या गाळ्यातच बसून काडतुसं भरू लागला. पहिला पट्टा भरून झाला तेव्हा प्रश्न आला की तपासायचा कसा. मी तो उभा झटकला, आडवा झटकला. पुतण्याचं समाधान होईना. झटकणं वेगळं आणि नाच वेगळा, असं त्याचं म्हणणं, आणि पट्टा बांधून स्वतः नाचायला तो लाजत होता. घरचे लोक नसताना एकट्याने काय नाचायचं.

ओताऱ्याने हात पुसले, पट्टा मागितला आणि कमरेला बांधला.

"वहिनी, ढोलकी नाही, तुम्ही ट्रे वाजवा."

गणपतीत त्यांच्या वाडीत जाखडी असते. तो दर दोन वर्षांनी सुट्टी टाकून त्यासाठी जातो, हे मला ठाऊक होतं, पण त्याला नाचताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी पदकांचा पत्र्याचा ट्रे पालथा घालून ठेका धरला. त्याने एक पाय आपटला, मग दुसरा, मग गिरकी घेतली आणि गाळ्याची जमीन हादरेल असा नाचू लागला. सेफ्टी बूट घातलेले, कमरेला अरबी पट्टा, आणि तोंडाने गणाची ओळ. मोची हातातलं काम थांबवून बघत राहिला. पुतण्याने आधी मोबाइल वर केला, मग मुलीचं ऐकून मी त्याला नको म्हटल्यावर खाली केला. नाच संपला तेव्हा ओतारी घामाने निथळत होता. आम्ही सगळे जमिनीवर वाकून पाहत होतो. एक चमकता तुकडा सापडला, तो कुठल्याशा उंटाचा पाय होता. गोळी एकही नव्हती.

पुतण्या म्हणाला, यल्ला, चला, बाकीचे भरा.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं फुजैराला निघालो. ओताऱ्यालाही बाबांनी बोलावलं होतं, पण तो झोपणार म्हणाला. मसाफी गावानंतर रस्ता डोंगरांतून उतरतो. त्या दिवशी हवा गार होती आणि गाडीच्या काचा खाली होत्या. बाबांचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. पुरुषांचा तंबू एकीकडे, बायकांचा दुसरीकडे आणि मध्ये रेतीचं मैदान. मला बाबांच्या बायकोने आत नेलं. त्यांना हिंदी थोडीच येते, मला अरबी थोडीच. त्यांनी मला खजूर दिला, कॉफी दिली आणि मग आपल्या एका नातवाला पट्ट्यासकट बोलावून घेतलं. त्याला समोर उभं करून त्याच्या कमरेवरच्या एका गोळीला चिमटीत धरून ओढलं. निघाली नाही. त्यांनी आपल्या ओढणीचा कोपरा गोळीभोवती गुंडाळला आणि पिळलं. ती हळूच फिरत बाहेर आली. बुडाचा राखाडी भाग त्यांनी पाहिला, नळीत बोट घालून पाहिलं, गोळी परत दाबून बसवली आणि नातवाला जायला सांगितलं.

"ज़ैन," त्या मला म्हणाल्या. म्हणजे छान. आणि आणखी एक खजूर दिला.

सूर्य डोंगराआड गेल्यावर ढोल सुरू झाले. आम्ही बायका तंबूच्या कडेला उभ्या राहून बघत होतो. समोरासमोर दोन रांगा, खांद्याला खांदा, छड्या एकाच वेळी वर आणि खाली, माना एकाच वेळी झुकत होत्या. रास-अल-खैमाचे पाहुणे पुढच्या गालिच्यांवर बसले होते. एक तरुण पुढे येऊन बंदूक गरगर फिरवून उंच फेकत होता आणि झेलत होता. सगळे वर बघत होते. मी त्यांच्या पायांखालची रेती बघत होते. दिव्यांच्या उजेडात तिथे काहीतरी चमकलं तर मला ते ताबडतोब दिसलं असतं. रांग पुढे सरकली, मागे गेली, परत पुढे आली. रेतीवर पायांच्या खुणांशिवाय काही नव्हतं.

मग बाबांनी पाहुण्यांना रांगेत ओढायला सुरुवात केली. तशी तिथली रीत आहे, पाहुणा नाचला तर यजमानाचा मान. आधी रास-अल-खैमाचे तीन-चार जण उठले. मग बाबांनी माझ्या नवऱ्याचा हात धरला. त्याच्या हातात छडी दिली. तेव्हा मला दिसलं की त्याच्या कमरेला पट्टाही आहे. सोमवारी बाबांनी झटकलेला, कपाटात ठेवलेला तोच पट्टा. त्यातल्या जुन्या, चमकवलेल्या, बारीक गोळ्या त्याने मला न सांगता गोंदाने बसवल्या होत्या आणि तो सोबत घेऊन आला होता, मला दाखवायला की आपला गोंदाचा उपायही चालला असता.

तो उंच आहे आणि नाचता येत नाही. छडी वर करायच्या वेळी खाली, खाली करायच्या वेळी वर. तिसऱ्या-चौथ्या ठेक्याला त्याच्या पायाशी काहीतरी चमकलं. मग आणखी एक. चाकावर घासताना लावलेलं मेण धातूवर राहतं आणि मेणावर गोंद धरत नाही. हे त्याने मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तो नाचता नाचता एका पायाने गोळ्या रेतीत दडवायला बघत होता, त्यामुळे ठेका आणखी चुकत होता आणि आणखी गोळ्या पडत होत्या. बाबांची बायको माझ्या दंडाला धरून हसू लागली. मग शेजारच्या दोघी हसू लागल्या.

गालिच्यावरून रास-अल-खैमाचे एक म्हातारे गृहस्थ उठले, त्यांनी रेतीतून एक गोळी उचलली आणि बाबांसमोर धरून काहीतरी विचारलं. बाबांनी आधी आपल्या बारा जणांच्या रांगेकडे हात केला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, काहीतरी सांगितलं. पाहुण्यांत हशा पिकला. म्हातारे गृहस्थही हसले आणि गोळी नवऱ्याच्या खिशात घालून त्याच्याच शेजारी नाचायला उभे राहिले.

परतताना मी नवऱ्याला विचारलं की बाबा काय म्हणाले. त्यांनी त्याला नंतर हिंदीत सांगितलं होतं.

"म्हणाले, हा माझा दोस्त आहे. गोळ्या त्याची बायको करते, हा फक्त पट्टा बांधतो."

गाडी मी चालवत होते. रेतीतून वेचून खिशात भरलेल्या गोळ्या त्याने कप ठेवायच्या खाचेत टाकल्या. त्या प्रत्येक वळणावर खुळखुळत होत्या. मसाफीला थांबून आम्ही करक, म्हणजे इथला दुधाचा कडक चहा, घेतला. तो म्हणाला की सोमवारपासून मशीनवाल्याला माप मीच द्यावं, आणि शाळांचे फोन तो घेत जाईल. मी म्हटलं, घे, पण मोल्डमध्ये आहेत असं सांगू नकोस.

सोमवारी ओताऱ्याने त्या गोळ्या वितळवायला भट्टीत टाकल्या. गोंद जळल्याचा वास गाळाभर पसरला. त्याने मला हाक मारून विचारलं की हा कसला वास वहिनी. मी काचेच्या खोलीत फोनवर बसलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं आणि बाकावरचं काम पुढे चालू केलं.